जांभळाखालचं परस

"चपला काढा आन् उतरा आत." मास्तर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य.

मी खोली बघायला गेले होते. मुळशीकडच्या माले गावच्या शाळेवर माझी बदली झाली होती, मे महिना संपत आला होता आणि शाळा उघडायच्या आत कुठेतरी बूड टेकायला जागा हवी होती. रस्त्यावरच्या दुकानदाराने बोट दाखवून सांगितलं, त्या चार मोठ्या झाडांपाशी घर आहे, मास्तरांचं. पुढचं दार बंद होतं म्हणून मी वळसा घालून मागे गेले, तर परसात खाटेएवढा एक खड्डा, खड्ड्यात लोण्यासारखा चिखल, आणि त्या चिखलात पायजमा गुडघ्याच्या वर गुंडाळून एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ जागच्या जागी चालत होते. मी खोलीचं विचारलं. ते म्हणाले, चहा होईस्तोवर तुडवा, मग खोली बघू. मला वाटलं, इकडची रीतच असेल. मी चपला काढल्या आणि उतरले. मी बार्शीकडची. आमच्या सबंध गावात मिळून तेवढा चिखल होत नाही, त्यामुळे खरं सांगायचं तर मला मजाच वाटली.

खड्डा म्हणजे तळं होतं, किंवा व्हायचं होतं. प्लास्टिकचा कागद नाही, सिमेंट नाही. भाताच्या खाचरात पाणी कशानं ठरतं? चिखलणीनं. बैलांचे आणि माणसांचे पाय पडून पडून तळाची माती अशी बसते की तिच्यातून पाणी झिरपत नाही. मास्तरांचं म्हणणं, जे खाचराला चालतं ते तळ्याला का चालू नये. घराशेजारच्या बोळातून बैल आत येत नव्हता, म्हणून माणसं. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पुढे त्यांनी त्याला स्वतःची एक जोड दिली होती. एकाच माणसाने तुडवलेला चिखल एकाच बाजूला दबतो, म्हणून पाय निरनिराळे पाहिजेत. त्यामुळे दाराशी येईल त्याला चहाआधी तळ्यात उतरावं लागे. पोस्टमन उतरला, गॅसची टाकी आणणारा उतरला, रिसॉर्टचा रस्ता विचारायला थांबलेलं हिंजवडीचं एक जोडपं उतरलं आणि त्यांनी तर एकमेकांचे व्हिडिओही काढले. एवढं करून पहिल्या भरणीला तळं गळलंच. मास्तरांनी दोष गॅसवाल्याला दिला. तो घाईत होता, त्याचं मन चिखलात नव्हतं, असं त्यांचं मत पडलं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि ते जन्मभर कंडक्टर होते. बहुतेक नोकरी याच रस्त्यावर गेली, पुण्याहून पौड, माले, मुळशी करत ताम्हिणीच्या घाटापर्यंत आणि परत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाडी काही त्यांच्यातून गेली नव्हती. ओट्यावर चार माणसं बसली की ते हाताने खूण करून त्यांना पुढे सरकवत, मागे आणखी कुणी येणार नसलं तरी. घरात शिरताना चौकटीला हात धरून आधी इतरांना आत घेत, मग स्वतः. जेवायला बसले तरी दाराजवळची जागा त्यांची. सुट्ट्या पैशांवरून ते आयुष्यात इतकं भांडले होते की आता मावशी बाजारात जाताना त्यांना बरोबर नेत नसत.

मावशी म्हणजे त्यांच्या पत्नी. मुलगा-सून चिंचवडला, दिवाळीला तेवढी यायची. एरवी घरात ही दोघंच, आणि एका बाजूच्या खोलीत मी.

भंगारात निघालेल्या गाडीची घंटा मास्तरांनी कुणाकडून तरी मागून आणली होती. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगलेली, आणि तिची दोरी झाडांच्या फांद्यांवरून परसाच्या टोकापर्यंत नेलेली. मास्तर टोकाला पाइप धरून उभे राहत आणि नळ आत मावशींच्या हाताशी. दोन ठोके म्हणजे सोड पाणी, एक ठोका म्हणजे बंद. मावशी घंटा ऐकत, पण पाळत नसत. हातातली भाकरी उतरल्यावर नळ सोडणार, आणि सोडला की दुसऱ्या कामाला लागणार. मास्तर तिकडे एकेक ठोका देत राहत. त्यांचा संसार असाच चाललेला होता आणि त्याबद्दल दोघांचीही विशेष तक्रार दिसत नव्हती. तक्रार होती ती वेगळीच होती.

त्या पहिल्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी मला परस दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, माती दाखवली. झाडांखाली पालापाचोळा अंथरलेला, आणि त्यात हिरवं म्हणून एक पान नाही. "ही ताम्हिणीवाली," ते एका जागी बोट करून म्हणाले. "तिच्या शेजारी पौडवाली बसलीया. आन् ही कोपऱ्यात कासारसाईची, जरा लाजाळू हाय." मी प्रत्येक वेळी मान डोलावत होते आणि मनात ठरवत होते की खोली दुसरीकडे बघावी.

मातीखाली कंद होते, हे मला मावशींनी नंतर सांगितलं. सोनटक्का, पेव, चवर, फोडशी असले. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, खाली कंद झोपून राहतो आणि पावसात पुन्हा उठतो. एकदा लावला की वर्षानुवर्षं तोच. भारंगीसारख्या एकदोन झुडपांची तेवढी खोडं होती, तीही छाटून टाकल्यामुळे काटक्यांसारखी दिसत. मास्तरांनी यातलं एकही रोप विकत आणलं नव्हतं. नर्सरीतल्या रोपाला ते विनातिकीट म्हणत. ते एसटीत बसत, खिडकीतून कुणाच्या परसात काही दिसलं की पुढच्या थांब्यावर उतरत, चालत मागे येत आणि त्या घरी जाऊन एक तुकडा मागून आणत. रोपाचं नाव त्यांच्या लेखी एकच, ते जिथे चढलं तिथलं. आणि एखादं मेलं, तर ते मेलं असं कधी म्हणत नसत. "ती उतरली मधेच," म्हणत आणि विषय बदलत.

आता तक्रारीचं सांगते. परसात चार झाडं होती, फणस, दोन आंबे आणि स्वयंपाकघराच्या अगदी दारासमोर एक जांभूळ. चारही मास्तरांनी लावलेली. जांभूळ तर नोकरीत कायम झाल्याचा कागद हाती पडला त्या दिवशीचं, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर विशेष जीव. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा परसात ऊन होतं. त्यांनी अबोली लावली, शेवंती लावली, झेंडू तर न लावता उगवायचा. मग झाडं मोठी झाली, फांद्या फांद्यांना भिडल्या आणि वरचं आभाळ मिटलं. फुलझाडं एकेक करून गेली. मागे शेवाळ आणि ओल राहिली. मावशींनी कितीतरी वर्षं सांगितलं, एखादं झाड काढा. मास्तरांनी कितीतरी वर्षं ऐकलं नाही.

ठिणगी पडली ती मी येण्याआधीच्या गौरींना. त्या घरची गौर तेरड्याची. बाईने पाणवठ्यावर जायचं, तेरड्याची जुडी मुळांसकट उपटायची, पाण्यात धुऊन घरी आणायची, मग तिला मुखवटा आणि साडी. मावशींचे गुडघे धरले होते. ओढ्यापर्यंत उतरणं दोन वर्षांपासून बंद झालं होतं, धाकटी जाऊ त्यांची गौर आणून द्यायची. फुलंही तिच्याच परसातली. त्या वर्षी फुलांची परडी देताना जाऊ सहज म्हणून गेली की एवढं मोठं परस असून तुमच्याकडं वहायला फूल नसतं.  दुसऱ्या दिवशी मावशींनी वखारवाल्याला निरोप धाडला. तो आला, प्रत्येक खोडाला कव घालून घेर मापून गेला. मास्तरांनी मग सावलीतच फुलं आणून दाखवतो म्हणून एक वर्ष मागून घेतलं. मावशींनी अट घातली. पुढच्या गौरीला लागणारं प्रत्येक फूल आणि पान आपल्या परसातलं पाहिजे. एक जरी शेजारून आणावं लागलं, तर दिवाळी सरली की चारही झाडं वखारीत.

म्हणजे मी राहायला आले तेव्हा अर्ध्याहून जास्त वर्ष गेलं होतं आणि दाखवायला मास्तरांकडे फक्त माती होती.

मी अर्थातच मास्तरांच्या बाजूची होते. आमच्याकडे बाभळीच्या विरळ सावलीसाठी माणसं बांधावर बांध तुडवत जातात. दारात चार डेरेदार झाडं असताना ती तोडायची भाषा करणारी बाई मला करंटी वाटली. मी मास्तरांना विचारलं होतं, सावलीत फुलं येतील? त्यांनी पाचोळा सारखा करत उत्तर दिलं. "गाडी कदी भरलेली नसती, बाई. सगळी दारात उभी ऱ्हातात म्हनून भरल्यावानी दिसती. आत जागा असती." उन्हात सगळीच झाडं गर्दी करतात, सावलीत बसणारी वेगळी, त्यांना फक्त कुणीतरी आत घ्यावं लागतं, असा त्याचा अर्थ. हे वाक्य ते कशालाही लावत. शाळेत पट कमी झाला तरी, लग्नात पंगत वाढली तरी. पण परसाच्या बाबतीत ते खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं.

पाऊस लागला आणि महिन्या-दीड महिन्यात माझा पक्ष बदलला. धुतलेले कपडे चार चार दिवस ओले. पंजाबी ड्रेसला कुबट वास. चपलांवर बुरशी, भिंतीला हिरवा थर, मीठ पाणी झालेलं, काडेपेटीवर काडी ओढून ओढून बोट दुखावं. शाळेतून आले की माझ्या खोलीत दिवा लावल्याशिवाय वही दिसत नसे, आणि माझी खोली तर रस्त्याच्या बाजूची, उजेडाची. मावशींचं स्वयंपाकघर जांभळाकडे तोंड करून. तिथे दिवस कधी उगवतच नव्हता. वीज गेली की त्या चुलीच्या उजेडात भाजी चिरत. गुडघे ओलीने आणखी दुखत. मी एकदा म्हटलं, मावशी, तुमचं खरं आहे. त्या म्हणाल्या, "माझं खरं हाय ते मला ठावं हाय. त्यांना कुटं हाय?"

परसात मात्र गंमत चालू झाली होती. ज्या मातीकडे बघून मी मान डोलावली होती, तिथून कोंब निघाले होते. ताम्हिणीवाली म्हणजे फोडशी निघाली, गवतासारखी लांब कोवळी पानं. भारंगीच्या काटक्यांना धुमारे फुटले. तळं दुसऱ्या तुडवणीनंतर टिकलं होतं, काठाला वेखंड लागलं होतं, आणि कुठूनसे बेडूक येऊन वस्तीला राहिले होते. मास्तर सकाळ-संध्याकाळ छत्री घेऊन फेरी मारत. फोडशीची पांढरी फुलं आणि भारंगीचे निळे तुरे यांच्यावर त्यांची गौरीची निम्मी भिस्त होती.

एका रविवारी मावशींनी मला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि दोन भाज्या. एक फोडशीची, डाळ घालून, आणि एक भारंगीची, जराशी कडसर, लसणाची फोडणी. ज्यांनी पावसाळ्यातली कोवळी रानभाजी खाल्ली नाही त्यांना मी काय सांगणार. मास्तर मन लावून जेवत होते. दुसऱ्यांदा वाढून घेतली. मग म्हणाले, औंदा लौकर आली भाजी, कुणी आणली डोंगरावरनं?

"कुनी कशाला आणतंय," मावशी म्हणाल्या. "माझं पाय न्हाईत डोंगरावर जायाला. परसात एवढी उगवलीया. मी सकाळी जाऊन खुडली."

मास्तरांचा घास हातातच राहिला. मी ताटाकडे बघितलं. गौरीच्या फुलांपैकी निम्मी आमच्या तिघांच्या ताटांत होती, फुलायच्या आधीच. मावशींच्या तोंडावर इतका आनंद होता की त्यांनी काय केलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. या मुलखातल्या बाईला आषाढात फोडशी दिसली तर ती फुलाची वाट बघत बसेल होय? ती खुडणारच. मास्तरांनी हे आधी ओळखायला हवं होतं, पण ते वर्षभर फुलांचाच हिशेब करत राहिले.

त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला. म्हणाले, "ताम्हिणीवाली हाय. तरीच चव हाय." आणि आणखी वाढ म्हणाले.

जेवण झाल्यावर ओट्यावर मी त्यांना विचारलं, सांगितलं का नाही? त्यांनी सुपारी कातरायला घेतली. म्हणाले की किती वर्षांनी ती स्वतः होऊन परसात गेली, भिंत धरून का होईना. आता मी बोललो असतो तर पुन्हा गेली नसती. मला मास्तर फार आवडायचे, पण त्या दिवशी जरा जास्तच आवडले. आणि त्यांची काळजीही वाटली, कारण गौरीला जेमतेम दोन महिने उरले होते आणि झाडं जाणार हे मला आता दिसत होतं.

त्यात आठवड्याभरात मास्तर तळ्याच्या काठावर घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण पाठीत अशी चमक भरली की उठता येईना. पौडच्या डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलं. त्यांची खाट माजघरात, स्वयंपाकघराच्या दाराशी टाकली. परस आता मावशींकडे आलं. त्या पाट घेऊन जात, पाटावर बसून तण काढत, मग पाट पुढे सरकवून पुन्हा बसत. प्रत्येक रोपाला त्या काहीतरी बोल लावत होत्या. मास्तर आतून ओरडून सूचना देत, पौडवालीला हात लावू नको, कासारसाईवालीचं पाणी काढून दे. मावशींना यातली कुठली कोण ते माहीत नव्हतं आणि करूनही घ्यायचं नव्हतं. त्या सगळ्यांनाच "भवाने" म्हणत, आणि सगळ्याच वाढत होत्या.

मी सुट्टीच्या दिवशी मास्तरांपाशी जाऊन बसायची. अशीच एकदा गेले. पाऊस संथ लागलेला, वीज नव्हती. मास्तर छताकडे बघत पडले होते. बाजूला स्वयंपाकघरात मावशी काहीतरी निवडत होत्या, ताट डोळ्यांजवळ धरून.

"बाई, किती वाजलं?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, अकरा.

"सकाळचं?"

मी हो म्हटलं.  त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, हे रोजच असं असतं का. मी म्हटलं, पावसाचे चार महिने तरी असंच. ते मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. मावशी आता ताट घेऊन उंबऱ्यापाशी सरकल्या होत्या, तिथे जरा बरं दिसत होतं म्हणून.

मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. हा माणूस सगळी नोकरी पहाटे अंधारात घरातून निघाला आणि दिवेलागणीनंतर परत आला. दिवसभर बसायचा तो गाडीच्या खिडक्यांच्या उजेडात. सुट्टीच्या दिवशी परसात, आणि निवृत्त झाल्यावर तर आख्खा दिवस परसात. ती सावली त्याने कायम बाहेर उभं राहून बघितली होती. श्रावणातल्या सकाळी अकरा वाजता आपलं घर आतून कसं दिसतं, हे त्याला आज खाटेवर पडल्यावर कळत होतं.  त्या दिवसानंतर खाटेवरून सूचना देणं मास्तरांनी बंद केलं.

गौरी आल्या तोवर ते काठी टेकत हिंडायला लागले होते. आणि परस, काय सांगू, भरलं होतं. फणसाखाली पेवाची पांढरी, चुरगळलेल्या कागदासारखी फुलं. आंब्याखाली चवरेचे गुलाबी तुरे. तळ्याच्या काठाला सोनटक्का असा घमघमत होता की माझ्या खोलीपर्यंत वास यायचा. खुडलेल्या फोडशीनेही मागून उशिरा का होईना थोडी फुलं दिली. भारंगीने दिली नाहीत, पण तिच्यावाचून अडलं नाही. गंमत म्हणजे तळ्याच्या काठाला तेरडा उगवला होता, भरघोस. तो मास्तरांनी लावलेला नव्हता, कुणाच्या तरी मातीतून बी आलं असणार. विनातिकीट असूनही मास्तरांनी त्याला उतरवलं नव्हतं.

आवाहनाच्या दिवशी जाऊ विचारायला आली की वहिनी, तुमची गौर ओढ्यावरून आणू ना. मावशींनी नको म्हणून सांगितलं. नवं लुगडं नेसून त्या परसाच्या दारात उभ्या राहिल्या आणि तळ्याकडे बघून म्हणाल्या, पर गौर वाहत्या पाण्याची लागती. हे पाणी बसलेलं हाय.

मास्तर काठी टेकत टोकाला गेले, पाइपाचं तोंड तळ्यात सोडलं आणि घंटेला दोन ठोके दिले. आत नळापाशी मी होते. मी सोडला. तळं आधीच पावसाने काठोकाठ होतं, ते भरून वाहायला लागलं आणि पाणी फणसाच्या बुंध्याकडे निघालं. मावशी भिंत धरून, मग आंब्याला हात लावून काठापर्यंत गेल्या. तेरडा उपटला, त्या वाहत्या पाण्यात मुळं धुतली आणि आपली गौर आपण घेऊन आल्या. त्या वर्षी त्यांनी सोनटक्क्याची भलीमोठी जुडी जावेच्या हातात दिली, अगदी सहज दिल्यासारखी दाखवून.

गौरी गेल्यावर मावशी स्वतःच म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या झाडं. मास्तर जिंकले होते. मला इतका आनंद झाला की मी शाळेतल्या सगळ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

आणि दिवाळीच्या आधी मास्तर स्वतः वखारवाल्याकडे गेले, जांभळासाठी. परवानगीसाठीही तेच हिंडले. मावशींनी आकांडतांडव केलं. ऊन आलं तर पेव मरंल, सोनटक्का करपंल, एवढं मरमर करून वाढवलेलं. वर्षभरापूर्वी चारही झाडं तोडायला निघालेली बाई आता एका झाडासाठी भांडत होती. मास्तरांनी जांभळाखालची रोपं मुळांसकट काढून एकेक करून आंब्याखाली नेऊन लावली, पाठ दुखत असताना.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही तर जिंकलात, मग का?

"हारलो असतो तर झाड तिनं नेलं असतं, बाई," ते म्हणाले. "आता मी देतोय."

झाड पाडायच्या दिवशी ते घरात थांबले नाहीत. सकाळच्या एसटीत बसून घाटापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मावशी मात्र पायरीवर बसून शेवटपर्यंत बघत होत्या आणि तोडणाऱ्यांना तळ्याला धक्का लागू देऊ नका म्हणून ओरडत होत्या. संध्याकाळी मास्तर आले, नुसत्या बुंध्यावर एकदा तळवा टेकवला आणि हातपाय धुऊन जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मावशींनी मला चहाला हाक मारली. नऊच्या सुमाराला ऊन परसाच्या दारातून आत आलं आणि सरळ चुलीपर्यंत गेलं. मावशी हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांनी भिंती बघितल्या, काजळीने काळ्या झालेल्या. मग फडताळातले डबे बघितले, त्यांवरचे तेलकट डाग बघितले, आणि स्वतःशीच चुकचुकल्या. मग त्यांची नजर दाराजवळच्या जागेवर गेली. मास्तर तिथे बशीतला चहा फुंकत बसले होते आणि ऊन त्यांच्या तोंडावर होतं.

मावशी बघतच राहिल्या. पातेलं खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

"तुमी लई म्हातारं झालाय हो," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "कवाच झालोय," ते म्हणाले. "तुला आज दिसलो."